मशीन बंद आहे

—नाही म्हणजे नाही, पोरी. मशीन बंद आहे. ते कार्ड ठेव परत पर्समध्ये. सकाळपासून तू बाविसावी आणि बाविसांनाही मी हेच सांगितलं, वेगळं काही नाही. कोपऱ्यावरच्या पाटीवर ‘कार्ड चालेल’ लिहिलंय? असेल. कॉनीनं लिहिलंय, माझ्या लेकीनं—निळ्या रंगात, वर फुगा बांधून. फुगा! आता मला सांग, घरातला जुना पसारा अंगणात मांडायचा नि विकायचा, त्याला मशीन कशाला लागतं? चाळीस वर्षं या गल्लीत मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घरोघर अंगणात टेबलं मांडतात—तेव्हा काय होतं? कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा, हा, हाच. चमचा घेतला, पंचवीस सेंट, टण्ण, संपलं. शेजारचा व्हर्लिन माझी कुदळ विकत न्यायचा, पुढच्या वर्षी त्याच्या अंगणातून मी तीच परत आणायचो—तीही स्वस्तात—दोघंही आपापल्या घरी खूश. रोख असेल तर बोल बाई, हिरवी नोट दिसली की डेल्मर कुणाला नाही म्हणत नाही, अख्ख्या आयोवात विचार. पण नसते ना कुणाकडे हल्ली! तीच तर सोय आ— तेच तर वाईट म्हणतो मी.

आणि ते मशीन टीप मागतं, माहीत आहे तुला? साबणाच्या वडीएवढं ते, आणि टीप मागतं! पंधरा टक्के, वीस टक्के, पंचवीस—कशाबद्दल? मी बसल्या जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो. व्हर्लिनच्या बायकोनं अर्ध्या डॉलरची काचेची बरणी घेतली, चष्मा नव्हता, काहीतरी दाबलं, वर दहा सेंट टीप देऊन बसली. मग विचारतं—पावती कुठे पाठवू? बरणीची पावती! ती काय उद्या बरणी बदलून मागायला येणार आहे? शेजारीच तर राहते.

काय? मग चालत होतं म्हणतेस? हां, तेव्हा चालत होतं. आठपर्यंत चालत होतं. आठला कॉनी दवाखान्यात ड्यूटीवर गेली आणि नेमकं तेव्हाच बंद पडलं, त्याला मी काय करू! पण आठपर्यंत काय झालं ते बघ ना. हे मधलं गवत दबलेलं दिसतंय? तिथे जेवणाचं टेबल होतं. दोन तासांत अर्धं अंगण रिकामं. रोखीवाला माणूस खिसा चाचपतो, बायकोकडे बघतो, वस्तू उलटीपालटी करतो आणि शंभरातल्या नव्वद वेळा परत जागेवर ठेवतो. कार्डवाला विचारच करत नाही. टेबल—टिंग. लोणच्याचं दगडी भांडं—टिंग. बर्फ काढायचं फावडं नेलं एका टोपीवाल्यानं, मे महिन्यात! मी म्हटलं, कॉनी, अगं हिवाळ्यात मी काय हातानं उपसू? तर म्हणते, “बाबा, तिकडे ते लोकच काढतात.”

तिकडे म्हणजे कुठे काय—तिकडे. शहरात, तिच्या घरामागे म्हाताऱ्यांची इमारत आहे. एक खोली, एक खिडकी, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला. आमचं ठरलंय—आज सगळं गेलं तर उद्या रविवारीच निघायचं, उरलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा मांडायचं. म्हणजे असं आहे, माल उरला तर माझा दोष नाही. मी सकाळपासून बसलोय की इथे! मशीन बंद तर बंद. आणि पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं की त्याची रेंज जाते, हे मला कुणी शिकवलं नाही हां, माझं मी शो— म्हणजे, असं ऐकलंय.

डब्याकडे काय बघतेस? चिल्लर आहे त्यात.

हा? हा झुलता बाक? विकायचा आहे की नाही कुणास ठाऊक. किमतीची चिठ्ठी? मी बसलोय म्हटल्यावर चिठ्ठी कशी दिसेल? नाही, उठता येत नाही, गुडघे. वाकून बघू नकोस ना! —बरं, चाळीस डॉलर. कॉनीनं लिहिलंय, माझं काही नाही. ती डावीकडची पट्टी खचलीय बघ, असला बाक कोण घेतं? तिथे आर्लिस बसायची, माझी बायको. रोज संध्याकाळी कटकट—“डेल्मर, पाय उचला, दोघांना ढकलवत नाही मला.” एकदाही उचलले नाहीत मी. आता एकट्यानं ढकललं की एका अंगाला तिरका जातो, करकरतो. तुझ्या ओसरीवर करकर करील, शेजारी भांडायला येतील. सांगून ठेवतो.

निघालीस? ठीक आहे. शहाणी आहेस. पलीकडे व्हर्लिनकडे चांगल्या खुर्च्या आहेत, त्याचं मशीन चालतं. —गाडीत काय शोधतेस? अगं, राहू दे. काचेवरच्या त्या ऊन अडवायच्या झडपेमागे काही नसतं, जुनी चिठ्ठीबिठ्ठी असेल— काय आहे ते?

वीसची.

दोन.

…नाही. रोख घेत नाही आम्ही. पाटी वाचली नाहीस? कार्ड. निळ्या अक्षरात लिहिलंय, फुगासुद्धा बांधलाय. फक्त कार्ड—आणि मशीन बंद आहे. निघ आता. आणि गवतावरून जाऊ नकोस.