चौदा शर्यती जिंकलेला

जनावरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलेल्या शिक्षिकेच्या मागेच दोघांची जुंपली होती. एक घोड्यांच्या पैदास केंद्राचा मालक, दुसरा त्याचे घोडे सांभाळणारा म्हातारा मोतद्दार.

“काका, हळू बोला. लोक बघतायत.”

“बघू देत की! सतरापैकी चौदा शर्यती मारल्या त्या घोड्यानं. तेव्हाही लोक बघतच होते, आणि तुम्ही लगाम धरून फोटो काढून घेत होता.”

“दोन हंगाम झाले, एक घोडी गाभण राहिली नाही त्याच्यापासून.”

“त्याआधी अकरा वर्षं शिंगरं दिली ना? आता थकला, तर मरणाचं इंजेक्शन?”

“पाय दुखतो हो त्याचा.”

“हाच पाय मोठ्या शर्यतीआधी सुजला होता. पळवू नका म्हणून पाया पडलो मी तुमच्या. तुम्ही काय म्हणालात? एवढी जिंकू दे, मग आयुष्यभर बसून खाईल!”

“जिंकला ना?”

“जिंकला! मग खाऊ द्या बसून!”

शिक्षिकेचा मांजरावरून फिरणारा हात थांबला. तेवढ्यात डॉक्टर दारात आले.

“घोड्याच्या कागदावर मालकाची सही हवी. आणि बाहेर घोड्याला धरायला ओळखीचं माणूस.”

“काका, चला. तो दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही.”

“म्हणूनच येणार नाही! माझा हात लागला की त्याला वाटतं, आता काही भीती नाही.”

मालकानं पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं.

“आज राहू द्या, डॉक्टर,” शेवटी तो म्हणाला.

“आज?” म्हातारा कडाडला. “आज म्हणजे काय? उद्या पुन्हा आणणार त्याला?”