धन्यवाद साहेब

...आणि हे तुम्हाला 'धन्यवाद साहेब' म्हणाले ना, ते मनावर घेऊ नका, काल मांजरालासुद्धा म्हणाले, औषध कडू लागलं तरी म्हणतात, अंगावर ऊन आलं तरी म्हणतात, दुसरं काही येतच नाही त्यांना. अहो, न्हावी होता हा माणूस! वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर आणि तोंड गावभर, गिऱ्हाईक घरी पोचलं तरी ह्यांची गोष्ट संपलेली नसायची. आणि एका सकाळी झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. हात राहू दे, म्हटलं, मी भरवीन. पण दिवसभरात एक हाक नाही? तुम्हाला सांगते, मला 'अगं'शिवाय काही नको होतं.

मग कळलं, दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सरकारी वर्ग निघालाय, वाचा गेलेल्यांसाठी, फुकट. शिकवायला एक बाई, हसतमुख. आरशासमोर बसवायच्या, गालाला बोट लावायच्या, 'ओठ उघडा काका... आता आवाज सोडा.' ह्यांच्या तोंडून आधी नुसता वारा, मग एक दिवस 'अ'. नुसता 'अ' हो, पण मी जिन्यात जाऊन रडून घेतलं. बाई म्हणाल्या, 'काकू, पुढच्या आठवड्यात "अगं" घेऊ.'

आणि पुढच्या आठवड्यात साहेब यायचे ठरले! निवडून आलेले साहेब, वर्ग त्यांनीच मंजूर केलेला. झालं, भिंतींना रंग, दारात कमान, आणि त्यांचा माणूस बाईंना म्हणतो, 'पेशंट काहीतरी बोलले पाहिजेत मॅडम, व्हिडिओ काढायचाय.' बाई म्हणाल्या, एवढ्यात नाही जमायचं. तो म्हणाला, 'मग पुढची मंजुरी पण नाही जमायची.' मग काय, बाकी सगळं बाजूला, आरशासमोर म्हाताऱ्यांची रांग आणि 'धन्यवाद साहेब, धन्यवाद साहेब...' घरी मीही तेच घोकून घेतलं, जेवताना, अंघोळीला, कपडे बदलताना. वर्ग टिकला तर पुढे शिकतीलच की, असा माझा हिशोब. मला 'अगं'शिवाय कुठं काय हवं होतं?

साहेब आले, उशिरा आले, पण आले. ह्यांनी खणखणीत म्हटलं. साहेबांनी पाठीवर थाप मारली, टाळ्या झाल्या... आणि साहेब निवडणुकीत पडले.

नवे साहेब म्हणाले, हे जुन्यांचं काम, आपण कशाला चालवायचं. शेजारच्या नव्या इमारतीतल्या बाई म्हणाल्या, 'वाईट वाटतं हो आम्हालाही, पण आजारी माणसं दारात बसलेली दिसली की फ्लॅटचे भाव उतरतात.' सरकारी ऑफिसातले म्हणाले, वर्गाचा पैसा तलावाकाठच्या दिव्यांकडे वळवलाय, दिवे छान आहेत, बघून या. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही, सगळे हात जोडून बोलले. शिकवणाऱ्या बाईंचा पगार कधीचाच थांबला होता, त्या दुसऱ्या शहरात नोकरीला गेल्या. शिपाई हॉलला कुलूप लावत होता, ह्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'धन्यवाद साहेब.' तो बिचारा किल्लीकडेच बघत राहिला.

घरी मी प्रयत्न केला ना. आरसा धरला, म्हटलं, म्हणा, अ... गं... हे माझ्या ओठांकडे टक लावून बघतात, कपाळावर घाम येतो, 'अ' येतो आणि पाठोपाठ तेच, 'धन्यवाद साहेब'. आणि डोळे भरून येतात हो त्यांचे, कारण त्यांना कळतं, आपल्याला हे म्हणायचं नव्हतं. मला ते बघवत नाही. आरसा मी परत खिळ्याला अडकवून टाकला.

ऐकलंत? आतून, 'साहेब... साहेब...' पाणी हवं असेल, नाहीतर कूस बदलायची असेल. आले हो, आले! काय करता, ह्या घरात आता साहेब मीच... हाक मारल्यावर लगेच येणारा साहेब तेवढा एकच.