पुराची रेघ

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आपलं गाव त्या राष्ट्रीय पूर-योजनेत गेलं ते माझ्यामुळे!"

नगरपालिकेच्या रांगेत पुढे उभ्या म्हातारबुवांचं हे वाक्य ऐकून शिवणकामवाल्या बाईंनी कान टवकारले.

"तुमच्यामुळे कसं काय, आजोबा?"

"अहो, नगराध्यक्षांना योजना नकोच होती. म्हणायचे, नवं काही बांधलं की जोतं पुराच्या रेघेच्या वर हवं, असले नियम कोण पाळणार? मग आला पूर. अध्यक्ष इथेच, त्या कपाटावर चढून बसले."

"अगं बाई! पाणी होतं तरी किती?"

"पंख्याला टेकलेलं. मी पोहत आलो, अर्ज टोपीत, पेन दातांत. म्हटलं, साहेब, योजनेत गेलो नाही, तर गावात कुणाच्याच घराला पुराचा विमा मिळायचा नाही. तुमच्यासुद्धा!"

"मग?"

"'तुमच्यासुद्धा' ऐकलं आणि ठोकली सही."

"आणि तुमचं घर?"

"हे काय, शेजारीच. माळ्यावर मासे पकडले आम्ही!"

"आज काय काम काढलंत?"

"हिचे गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत. अंगणाच्या पातळीला एक खोली बांधायचीय. तेवढी परवानगी मिळाली की सुटलो."

खिडकीतल्या कारकुनाने अर्जावरून मान वर केली.

"आजोबा, इथे तर तुम्ही लिहिलंय, पुरात अंगणातसुद्धा पाणी आलं नाही, म्हणून खोली रेघेच्या वरच. खोटं कुणाशी बोललात, माझ्याशी की रांगेशी?"