काठी निवडणारा ड्रायव्हर

माणसांनो, बायांनो, जय भीम. निजामपुऱ्याहून आलेल्या भावांनो, सलाम.

तुम्ही आलात. उन्हातून आलात, लूम बंद ठेवून आलात. शेलारच्या या विहारात आज पाय ठेवायला जागा नाही. अशोक असता तर म्हणाला असता, "आये, एवढी माणसं तर माझ्या लग्नालाबी नव्हती." खरंय. लग्नाला तर जेवणही होतं.

मला बोलवत नाही. लेकानं आईच्या माघारी चार शब्द बोलायचे, ही रीत. इथं आई उभी आहे आणि लेक फोटोत आहे. फोटोतही हसतोय. जन्मभर त्याला लाडानं "मेल्या" म्हणत आले. मेल्या जेवलास का, मेल्या डोकं पूस. मंगळवारी दुपारी छातीत कळ आली आणि तो गेला. तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही.

ही शेजारी बसलीय ती सुजाता, अशोकची मुलगी. काल तिनं माझ्याकडून सगळं वहीत लिहून घेतलं. मला अक्षर येत नाही. वही उलटी धरली तरी मला सारखीच. मी विसरले तर ती कानात सांगेल, म्हणून बसवलीय. रडू नको गं, अजून तर काहीच सांगितलं नाही.

तुम्ही सगळे त्याला अशोक ड्रायव्हर म्हणायचात. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्यानं एकदाही गाडी चालवली नाही. मग ड्रायव्हर कसा? तेच सांगायला उभी राहिलेय. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगायचीय. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

अशोक ट्रक चालवायचा. वडप्याहून माल भरायचा, घाट चढायचा, नाशकाकडे जायचा. एकदा उतारावर ब्रेक लागला नाही. ट्रक उलटला. अशोकला खरचटलं. शेजारी बसलेला त्याचा क्लीनर शंकर, त्याच्याच वयाचा, रोज एका डब्यात जेवणारा, तो जागच्या जागी गेला.

चूक अशोकची नव्हती. सगळ्यांनी सांगितलं. मालकानं नवी गाडी देऊ केली. अशोक चढला, स्टेअरिंगच्या चाकाला हात लावला आणि उतरला. म्हणाला, "आये, हात थरथरतात." आठ महिने भिंतीला टेकून बसला. मी तेव्हा निजामपुऱ्यात हनीफशेठच्या लूमवर कांड्या भरत होते. दिवसभर धागा गुंडाळायचा आणि घरी येऊन लेकाकडे बघायचं.

आता हनीफशेठ इथं पुढेच बसलेत. शेठ, उठू नका. तुमचं नाव निघणारच.

शेठला त्या वर्षी नवा नाद लागला होता. मुंबईच्या सुताच्या व्यापाऱ्यांबरोबर महिन्यातले दोन रविवार गोल्फ खेळायचा. गोल्फ म्हणजे मोठ्या माणसांचा विटीदांडू. विटीच्या जागी पांढरी गोळी, आणि ती हरवली की शोधायला नोकर. तर एक दिवस शेठ ऑफिसात फोनवर ओरडत होता, "अरे, ये ड्रायव्हर बिलकूल बेकार है! हर बार झाडी में डालता है! कोई अच्छा ड्रायव्हर देखो!"

मुकादमानं ऐकलं. मुकादमानं ऐकलं म्हणजे भिवंडीनं ऐकलं. शेठच्या गाडीचा ड्रायव्हर तर रडायला लागला, "मैंने कब झाडी में डाला?"

मी धावत घरी आले. म्हटलं, अशोक, शेठला ड्रायव्हर पाहिजे. लहान गाडी आहे, घाट नाही, काही नाही. ऊठ.

तो म्हणाला, "आये, नको."

आमच्या दारासमोरच्या नळावर रांग होती. आठ-दहा बाया, दोन-चार गडी. आणि मी त्या सगळ्यांसमोर ओरडले, "भित्रा निघालास! म्हातारीनं कांड्या भरायच्या आन् तू भिंत सांभाळायची?"

त्यानं वर बघितलं नाही. खाकी शर्ट घातला, लायसन खिशात ठेवलं आणि गेला.

शेठच्या ऑफिसाबाहेर पाच ड्रायव्हर आधीच उभे. दोन वडप्याचे. अशोक सहावा. शेठ बाहेर आला. "अरे बाबांनो, तुमी सगले कशाला आले?" "शेठ, ड्रायव्हर पायजे ना?" शेठ आत गेला आणि एक लांब काठी घेऊन आला. खाली लाकडाचं डोकं, आंब्याच्या कोयीएवढं. "ह्याला म्हणतात ड्रायव्हर! हा पायजे मला!" गोल्फात पहिला, सगळ्यात लांबचा फटका ज्या काठीनं मारतात, तिचं नाव ड्रायव्हर. आता आम्हाला काय माहीत? काठीला माणसाचं नाव कोण ठेवतं?

पाच जण हसत परत गेले. अशोकही हसला, आणि हसता हसता तिथंच ओट्यावर बसून रडायला लागला. शेठनं विचारलं, "काय झाला?" अशोकनं सगळं सांगितलं. घाट, शंकर, हात. शेवटी म्हणाला, "शेठ, बरं झालं काठी निघाली. गाडी असती तर मी काय केलं असतं?"

शेठ, त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते मला पाठ आहे. तुम्ही म्हणालात, "चाकाला हात लावू नको. काठ्यांची पिशवी उचलशील?"

त्यानं उचलली. रविवारी शेठच्या मागं मैदानावर चालायचा. काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. चार रविवार बघितलं. मग शेठ त्याला घेऊन मुंबईच्या दुकानात नवी काठी आणायला गेला. शेठनं काय निवडावी? त्याच्याबरोबर खेळणाऱ्या एका बड्या सूतवाल्या व्यापाऱ्याकडे होती तीच. सगळ्यात लांब, सगळ्यात कडक दांडी, गोळीला लागणारं तोंड भिंतीसारखं सरळ.

अशोक म्हणाला, "शेठ, ही न्हाय."

दुकानदार म्हणाला, "तू कोण?"

"मी पिशवी उचलतो. गोळी शोधायलाबी मीच जातो. म्हणून सांगतो."

हे मला शेठनंच सांगितलंय, हसून हसून. अशोकनं तीन काठ्या काढल्या. म्हणाला, शेठ, ते साहेब रोज खेळतात, तुम्ही महिन्यातून दोनदा. त्यांचा हात वाऱ्यासारखा फिरतो, तुमचा सावकाश. सावकाश हाताला लवचीक दांडी पायजे, ती शेवटाला स्वतः जोर लावते. तोंड जरा तिरकं असू द्या, म्हणजे गोळी वर उचलते. सरळ तोंडाची काठी म्हणजे चढावर भरला ट्रक टॉप गिअरमध्ये घालायचा, इंजिन बंदच पडणार. आणि लांबी चार बोटं कमी. लांब काठीनं गोळी लांब जाते हे खरं, पण आधी ती गोळीला लागली पायजे ना?

दुकानात तेव्हा लोखंडी डोक्याच्या काठ्या नव्या आलेल्या. मोठं डोकं, आतून पोकळ. (आमच्या गल्लीतही अशी दोन-चार आहेत, नावं घेत नाही.) अशोकनं तसलीच एक उचलली. शेठ म्हणाला, "ही बायकांची काठी दिसते. लोक हसतील." तेव्हा अशोक दुकानदाराला ऐकू जाणार नाही असं शेठच्या कानाशी म्हणाला, "शेठ, पहिल्या फटक्याला सगळे तुमच्याकडं बघतात. तेव्हा तुमचे हात थरथरतात. कुणाला दिसत न्हाय, मला दिसतं. ती कडक काठी थरथरलेला हात सोसत न्हाय. ही चूक पोटात घालते. कडेला लागली तरी गोळी वाटेवर ठेवते."

शेठनं ती काठी घेतली. पुढच्या रविवारी गोळी झाडीत गेली नाही. गेली का, शेठ? एकदाच? बरं, एकदाच गेली.

मग बाकीचे व्यापारी विचारायला लागले. हौशी माणसं, रविवारपुरती खेळणारी. दुकानात जायच्या आधी अशोकला हात दाखवायचे, जसा ज्योतिषाला दाखवतात. असा तो पुन्हा अशोक ड्रायव्हर झाला, गाडीचा नाही, काठीचा. तो सांगायचा, आधी चार फटके मारून बघा, मग घ्या. दुसऱ्याची बघून घेऊ नका. नवऱ्या मुलाची चप्पल घालून कुणी चालतं का? मी एकदा विचारलं, मला कुठली काठी रे? म्हणाला, "तुला न्हाय लागत. तुझी जीभच लई लांब मारते."

हसा. हसा तुम्ही. मी पण हसले होते.

पण मला त्या दिवशी कळलं, शेठनं कानातली गोष्ट सांगितली तेव्हा. मी ज्याला भित्रेपणा म्हणाले, त्यातूनच माझ्या लेकाला दुसऱ्याचा थरथरता हात ओळखता यायचा. कुणाच्या हाताला त्यानं कधी नाव ठेवलं नाही. काठी तेवढी बदलून दिली. मी आई असून मला ते जमलं नाही. मी नाव ठेवलं. तेही नळावर.

एकदा, तीनेक वर्षं झाली असतील, मी भाकऱ्या थापत होते. तो मागं बसला आणि म्हणाला, "आये, तू मला भित्रा म्हणालीस ते मागं घे ना."

मी म्हटलं, बरं, घेतलं.

"असं न्हाय. म्हणालीस चार माणसांत. घे पण चार माणसांत."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, जा रे, थुंकलेलं कोण परत गिळतं?

तो हसला. भाकरी उचलली आणि गेला. मला वाटलं, विषय मिटला. मला वाटलं, घेऊ कधीतरी, जयंतीला माणसं जमतात तेव्हा घेऊ. तीन जयंत्या झाल्या. दरवर्षी माणसं जमली. दरवर्षी मी काहीतरी चेष्टा करून वेळ मारून नेली. चेष्टा करणाऱ्या माणसाला साधं वाक्य फार जड जातं, बायांनो. तुम्ही माझ्यासारख्या होऊ नका.

रखमा, तू त्या दिवशी नळावर होतीस. पुढं ये. तुझ्यामागं कोण, ती पारू, तीही होती. ऐका तुम्ही. सगळ्यांनी ऐका.

माझा लेक अशोक भित्रा नव्हता. मी चारचौघांत म्हणाले होते, ते चारचौघांत मागं घेते. आज माणसं आहेत. ज्यानं मागितलं तो नाही. तरी मागं घेते.

सुजाता, हे वहीत होतं तसंच बोलले ना? बरं.

आता श्रद्धांजलीला सगळ्यांनी उभं राहा. घड्याळ बघू नका, मला घड्याळ कळत नाही. मी अशोकच्या फोटोपुढं हात जोडून उभी राहते. मी बसले की तुम्ही बसा.

मला जरा वेळ लागेल.