विलासला परत यायचं होतं

आया-बहिणींनो, भावांनो, आणि वैशाली, पोरी,

विलासच्या शोकसभेत बोलाय उभा राहिलोय. मी इस्माईल. इस्लामपुरात गाद्या भरतो. विलासची नि माझी वळख दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीतली. पहिल्या दिवशी त्याचा हात इतका कापत हुता की चहाचा कप त्याच्या तोंडाला मी लावला. मग हळूहळू सावरला. टेम्पो चालवाय लागला, ह्या वैशालीला, आपल्या लेकीला, शाळेत सोडाय लागला. हसायचाबी लय.

आन् मग आपण सगळ्यांनी त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, स्टँडवर त्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स. 'व्यसनाला हरवणारा आमचा विलास'. हेतू कुणाचा वाईट न्हवता. पण मंडळी, हा आजार हाय. तो जात न्हाई, दबून ऱ्हातो. आपण मात्र माणूस बरा झाला म्हणून मोकळे झालो. आटपाडीच्या जत्रंत पावण्यांनीच गिलास पुढं केला. आता सुटलीया न्हवं, एकानं काय हुतंय, म्हणाले. त्यानं घेतला.

घसरला, एवढंच. आमच्यातले लय जण घसरत्यात. मीबी घसरलोय. बैठकीत येऊन सांगायचं, रडायचं, पुन्हा सुरू करायचं. विलास आलाच न्हाई. स्टँड नको म्हणून टेम्पो मागच्या रस्त्यानं न्यायचा. मी फोन केला, ये म्हणलं. तर म्हणाला, "भाई, यायचं हाय हो. पर त्या फ्लेक्सवरच्या विलासला तोंड कसं दाखवू?"



मग लपून पीत राहिला. एकटाच. दवाखान्यात नेला तवा डॉक्टरांच्या हातात काय उरलं न्हवतं.

मयतीला माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, शेवटी पिऊनच गेला. मला राग आला, आजबी येतोय. दारूनं त्याला मारलं, खरं हाय. पर लाजंनं त्याला कोंडून ठेवलं हुतं. वैशाली, बापानं तुला दिलेला शब्द मोडला असं मनात आणू नगंस. आजारानं परत गाठलं त्याला.

आता सगळ्यांनी उभं ऱ्हावं. डोळं मिटा. ह्या सभेत कुणी असंल, सोडून परत घेतलेला, घरात न सांगितलेला, तर त्यानं एवढंच ऐकावं. शुक्रवारी संध्याकाळी शाळंच्या खोलीत बैठक हाय. पिऊन असलास तरी ये. कवापासनं घेतोस, कुणी इचारणार न्हाई.

विलास, गड्या, सलाम.