दात काढण्यापूर्वीची प्रार्थना

नगरच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या. भावजयीनं फोनवर चर्चच्या पाळकसाहेबांना "सलाम" म्हटलं आणि मला मिशन कंपाउंडातलं लहानपण आठवलं; तिथं आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना असाच सलाम करायचो.

"वन्सं, उठा की. तुमचा नंबर आला."

"थांब गं सुवार्ता. आधी प्रार्थना करते."

"घरी केली, रिक्षात केली. आता आनि कशाला?"

"ती प्रवासाची हुती. ही दात काढायची. मिट डोळे."

"पर थोडक्यात करा."

"हे प्रेमळ पित्या, या डॉक्टरच्या हाताला सांभाळ. त्याच्या लेकराबाळांना सांभाळ…"

"वन्सं, दुसरा पेशंट आत गेला."

"…त्या पेशंटला बी सांभाळ. पाळकसाहेबांना, कलेक्टरसाहेबांना…"

"आता त्यो बाहेर बी आला! हसतोय बघा."

"खरंच हसतोय?"

"व्हय. गालात कापूस धरून हसतोय."

"…आन प्रभू, मला लई भ्या वाटतंय. एवढंच सांगायचं हुतं. आमेन."

"आमेन. चला, मी येते आत."

"नगं. हात सोड माझा."

"का वो?"

"प्रभू हाय की संगं. तू हितंच बस. आन मी आतून वरडले, तर मोठ्यानं भजन म्हण, म्हंजे कुनाला ऐकू यायचं न्हाई."