अध्यक्षाची म्हस

न्हाय, मला एक सांगा पावणं, ओढा समितीच्या अध्यक्षानं सवताची म्हस ओढ्यात घालायची न्हाय, ह्यो कुठला न्याव हुता? दुसऱ्या कुणी घातली तर त्याला च्या पाजून समजावून सांगायचं, आणि अध्यक्षाची म्हस नुसती काठावर उभी ऱ्हायली तरी गल्लीभर बोंब! बरं, अध्यक्ष करा म्हणून मी अर्ज केलता का? मी आपला वैरण आणाय निघालतो! पण जाऊ दे... आपल्याला काय, आपली म्हस दूध देतीया न्हवं?

म्हस म्हंजी आमची हरणी. नाव हरणी, पण गोठ्याच्या दारातनं आत शिरताना चौकट कुरकुरतीया. दूध म्हंजी नाद खुळा! संध्याकाळी धारंच्या टायमाला गिऱ्हाईक दारात तांब्या घिऊन उभं. फेसासकट तांब्या भरला की तिथंच, उभ्या उभ्या, तोंडाला. त्यात पयला नंबर गणपतराव पैलवानाचा. ह्यो माणूस ध्यानात ठेवा, सगळं ह्येचंच करणं हाय. आता हरणीची एकच खोड. संध्याकाळी तासभर ओढ्याच्या डोहात बसल्याबिगर ती पान्हा सोडत न्हाय. पेंड घाला, सरकी घाला, पुढ्यात रेडकू आणून उभं करा... न्हाय म्हंजी न्हाय. तिची आई बी तसलीच हुती.

आणि आमचा ओढा तरी कसला? वर दगडाच्या जुन्या खणीपाशी निघतोय, आमच्या गल्लीच्या मागनं वळसा घालून खाली पंचगंगंला जातोय. जातोय म्हणायचं आपलं. मधी धा वर्सं त्यो जात न्हवता, रांगत हुता. पिशव्या, गाद्या, नारळाच्या शेंड्या, एकदा तर आख्खा सोफा! सोफ्यावर बगळा बसलाला, पाहुणा आल्यागत. मी रोज बगायचो. मी काय बोललो? कायबी न्हाय. आपल्याला काय!

मग एक दिवस तालमीत मिटिंग लावली. बोलावलं पैलवानानं, मला तर वैरणीच्या वाटंवरनंच वडून नेलं. बोलणार तेजस्वी मॅडम. ही आमच्या गल्लीतलीच पोरगी, कॉलेजात पर्यावरण शिकवतीया. तिनं भिंतीवर ह्येवडा मोठा नकाशा टांगला आणि म्हणाली, "ओढा म्हणजे नुसता ओढा नसतो. डोंगरावर, शेतात, आपल्या छपरांवर पडलेला थेंब न् थेंब शेवटी इथंच येतो. या सगळ्या भागाला पाणलोट म्हणायचं. ओढा सुधारायचा तर हे सगळं आपलं काम." मी मनात म्हणलं, आयला, म्हंजी आमचं छप्पर बी कामाला लागलं! मग फळ्यावर एकेक लिवाय लागली. कचरा बंद. गाड्या धुणं बंद. सांडपाण्याच्या नळ्या शोधायच्या. काठावर वाळ्याचं गवत लावायचं. मी प्रत्येकाला मान डोलवतोय, माझं काय जातंय? आणि शेवटी लिवलं, जनावरं धुणं बंद.

मी उठलो. म्हणलं, "म्हशीचं सोडून बोला!"

सगळी गप. तालमीत एवढं गप फकस्त कुणाचा तरी हात मोडल्यावर असतंय. मला वाटलं, जिकलो! आणि पैलवान उठला. उठला आणि हसला. ह्यो माणूस कुस्तीत बी हसायला लागला की समोरच्यानं पाठ सांभाळावी. म्हणाला, "मंडळी, ओढ्यावर रोज जाणारा, ओढ्याची नस न् नस ठावं असणारा माणूस गल्लीत एकच हाय. समितीच्या अध्यक्षपदासाठी मी आपल्या गुंडू आप्पांचं नाव सुचवतोय!" टाळ्या! कुणीतरी फेटाच बांधाय घेतला. शाल. नारळ. फोटो. एवड्या घाईत मला तोंड उघडाय सवड कुठं हुती? आणि खरं सांगू का... उघडलं बी न्हाय. आवो, जल्मात पयल्यांदा कुणी फेटा बांधलाला! लग्नातला सोडून.

घरी गेलो तर आमची तानाबाई चुलीपुढं. फेट्याकडं बगितलं, नारळ घेतला, वाजवून बगितला आणि म्हणाली, "अध्यक्ष तुमास्नी न्हाय केलं. म्हशीचं तोंड बांधलंय त्यांनी." मी म्हणलं, तुला काय कळतंय? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरणीला सोडली, ओढ्याच्या वाटंला लागलो, आणि वाटंवर बोर्ड. 'ओढ्यात जनावरे धुण्यास सक्त मनाई. आदेशावरून, अध्यक्ष.' माझाच आदेश! मलाच! हरणी बोर्डाकडं बगतीया, मी हरणीकडं बगतोय. वळवून घरी आणली.

आणि त्या दिवसापास्नं पान्हा बंद, पावणं. पाइपनं आंघूळ घातली, न्हाय. अंगणात खड्डा खणून पाणी भरलं, तर त्यात पयल्यांदा तानाबाईच पडली, मग आठ दिवस घरात माझ्याशी बोलणं बंद. म्हंजी म्हशीचं दूध बंद आणि बायकुचं बोलणं बंद! ओढ्याचं पाणी बादलीनं आणून हरणीच्या अंगावर ओतलं. तिनं मान वळवून माझ्याकडं अशी नजर टाकली... खरं सांगतो, लई वाईट वाटलं. नऊ वर्सं सांभाळली तिला. नऊ वर्सांत अशी बगितली न्हवती माझ्याकडं. धारंला बसलो तर तांब्याभर दूध निघंना. आणि दारात पयल्या नंबरला कोण? पैलवान! "आप्पा, आज बी न्हाय?" मी म्हणलं, "न्हाय. आदेश हाय." पैलवान रिकामा तांब्या घिऊन गेला. चार दिवसांत त्येचं तोंड उतारलं, पण शबूद मागं घ्यायला त्यो तयार न्हाय. पैलवान माणूस, पडलं तरी पाठ लागली न्हाय म्हणणार.

आणि मी? मी दर रविवारी गुडघाभर गाळात. अध्यक्ष! हातात केंदाळ, म्हंजी तुमची जलपर्णी, पायात गमबूट, एका बुटात पाणी. खणीपास्नं नदीपतोर चालत गेलो, नळ्या मोजल्या, एकोणीस निघाल्या. वाळा लावला. त्यो सोफा बाहीर काढला, बगळा बिचारा आठ दिवस तितंच येऊन उभा ऱ्हायचा. आणि आता खोटं कशाला बोलू, वरच्या अंगाला पाणी चालाय लागलं. आवाज याय लागला. तानाबाईसुदीक म्हणाली, "ऐकू येतंय की वं."

पण खाली डोहात उलटंच! हरणी बसायची त्यो डोह दोन म्हैन्यात केंदाळानं गच्च झाकला. तेजस्वी मॅडम रोज बाटलीत पाणी घेत्यात, वहीत लिवत्यात, डोस्क्याला हात लावत्यात. "असं कसं? इथं तर मोकळं पाणी होतं, मासे होते. इथंच कसं बिघडलं?" कुणी म्हणालं हवा बदलली, कुणी म्हणालं वरनं औषध आलं असंल. मला इचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणलं, मला काय वाटणार? आपल्याला काय! आपली म्हस दूध देत न्हाय, एवडंच म्हायती हाय.

मग पेठ वडगावची माणसं आली. त्यांच्याकडं बी ओढा हाय, समिती काढायची हाय, म्हणून आमचं काम बगाय आलती. काठावर मांडव, खुर्च्या, मी मदल्या खुर्चीत, डोस्क्यावर त्योच फेटा. पैलवान भाषणाला उबा. आवाज असा, की माईक नको. "मंडळी! आमचं अध्यक्ष लई कडक! गेलं दोन म्हैनं ह्या ओढ्यात एक म्हस..."

आणि मागनं तानाबाईची हाळी, "आवो, दावं तोडलं वं!"

हरणी! शेपूट वर, सुसाट! वडगावकर खुर्च्यांवर चढलं. मांडवाचा एक खांब गेला, बॅनर गेला, माझा आदेशाचा बोर्ड शिंगात अडकला, आणि तसल्या बोर्डासकट ती डोहात... धपाक! पैलवान वरडला, "हाकला तिला!" मी धावलो, अध्यक्ष न्हवं का! तवर तेजस्वी मॅडम किंचाळल्या, "थांबा! कुणी हाकलू नका! बघा!"

बगितलं. हरणी लोळतीया. ह्या कुशीवर, त्या कुशीवर. केंदाळ तुटतंय, मधनं काळं पाणी उघडं पडतंय, तोंडानं थोडं खातीया बी. अर्ध्या घटकंत निम्मा डोह मोकळा! मॅडम वहीत धडाधड लिवाय लागल्या. "काका, ही रोज बसायची म्हणून केंदाळ जमत नव्हतं! तुम्ही बोलला का नाही?" इचारलं कुणी? इचारलं, पण अध्यक्षाला इचारलं, म्हसवाल्याला इचारलं न्हाय.

तासाभरानं ती आपली आपण वर आली आणि काठावर उभी ऱ्हायली. कास तट्ट फुगलेली. मी खाली बसलो, हात लावला, आणि काय सांगू... धार! चर्र करून धार! हातात भांडं न्हाय, तर फेट्यात घेऊ का काय? तवर गर्दीतनं पैलवान पळत आला. हातात तांब्या. भाषणाला येताना ह्यो माणूस तांब्या घिऊन आलता! दोन म्हैनं रोज खिशात किल्ली ठेवल्यागत बाळगत हुता! उभ्या उभ्या प्याला, मिशी पुसली आणि वडगावकरांस्नी म्हणाला, "ह्यो आमचा प्रयोग हुता."

संध्याकाळी ठराव झाला. हरणीला रोज तासभर डोहात परवानगी. साबण न्हाय, घासणं न्हाय, शेण पाण्यात पडता कामा न्हाय. म्हणून अध्यक्षानं सवता शेणाची पाटी घिऊन काठावर उभं ऱ्हायाचं, आणि तिची लक्षणं दिसली की तिला भाईर काढायची. मी म्हणलं, मॅडम, म्हशीला कवा लागतीया ते मला कसं कळायचं? म्हणाल्या, "निरीक्षण करा काका. नोंद ठेवा." वही दिलीया. मी पैलवानाला म्हणलं, ह्यो घे तुजा फेटा, ह्यो घे राजीनामा. त्यो हसला. "राजीनामा द्या की आप्पा. पण परवानगी अध्यक्षाच्या म्हशीला हाय."

काल डोहावर नवा बोर्ड लागला. रंगीत, मोठ्ठा. हरणीचा फोटो, शिंगाला गोंडं, खाली लिवलंय, 'हरणी, ओढ्याची रखवालदार'. फोटोच्या कडंला एक हात दिसतोय, हातात शेणाची पाटी. त्यो हात माझा. नाव बारीक अक्षरात टाकतील म्हणून चष्मा लावून बगितलं. 'सोबत अध्यक्ष' एवडंच हाय. तानाबाईला दावलं, तर म्हणाली, "म्हस लई झ्याक आलीया." व्हय, आलीया... आपल्याला काय, दूध देतीया न्हवं?